गवत म्हणेल तसं: रँचवरचा सुरुवातीचा उन्हाळा

गुरांच्या रँचवर सगळ्यात धावपळीचे दिवस वासरं होतात तेव्हाचे, असं बाहेरच्याला वाटतं. त्या दिवसांत झोप उडते हे खरं. पण कडक हिवाळा असलेल्या गवताळ मुलखात पुढच्या वर्षाचं भवितव्य ठरतं ते उन्हाळ्याच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत. गवत भरात असतं. वळू याच दिवसांत सोडायचा असतो, वासरांच्या लशी याच दिवसांत, हिवाळ्याच्या वैरणीची कापणीही याच दिवसांत. घरच्याच तीन-चार माणसांवर चालणाऱ्या रँचवर ही सगळी कामं एकाच वेळी अंगावर येतात. आज कशाला हात घालायचा हे तारखेवरून ठरवलं की घोळ होतो. कुरणात जाऊन गवत बघायचं, मग ठरवायचं.

सकाळची फेरी ऊन तापायच्या आत झाली पाहिजे, आणि त्याचं कारण गुरांच्या सवयीत आहे. उजाडताना कळप चरायला उठतो, साधारण नऊपर्यंत पोट भरलं की बसून रवंथ करतो. म्हणजे पहाटे सगळ्यांच्या माना खाली असताना जी गाय मान वर करून नुसती उभी आहे, ती एका नजरेत वेगळी दिसते. दहा वाजता सगळ्याच बसलेल्या असतात, तेव्हा आजारी कोण आणि सुस्तावलेली कोण हे कळत नाही.

बघायचं काय? आधी डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागची खळगी. सकाळी चरून झाल्यावर ती किंचित भरलेली हवी. खोल गेली असेल तर गाय खात नाही, बरगडीच्या वर फुगली असेल तर पोटफुगी. मग कास. वासरू पिणाऱ्या गाईचे सड थोडे ओलसर, मऊ आणि एकमेकांपेक्षा जरा वेगळे दिसतात. चारही सड ताठ, चकाकणारे आणि कास गच्च असेल तर वासराने निदान रात्रीपासून दूध ओढलेलं नाही. अशा वेळी गाईकडे बघत बसू नये, वासरू शोधायला निघावं. ते गवतात आजारी पडलेलं असतं, नाहीतर तारेपलीकडे जाऊन अडकलेलं असतं. वासरं घोळक्याने झोपलेली आणि जवळ एकच गाय राखणीला, बाकीच्या दूर चरताहेत, हे दृश्य मात्र ठीक आहे. कळपात अशा पाळ्या लागतातच.

कोवळ्या, ओल्या गवतावर शेण पातळ होतं, त्याची काळजी नाही. काळजी करायची ती अडखळत चालणाऱ्या, अंग थरथरणाऱ्या, दचकणाऱ्या गाईची. भरपूर दूध असलेल्या जाणत्या गाईंमध्ये हे दिसलं तर मॅग्नेशियमची कमतरता डोक्यात यायला हवी. झपाट्याने वाढणाऱ्या गवतात पोटॅश जास्त असतं आणि त्यामुळे मॅग्नेशियम पोटातून अंगात शोषलंच जात नाही. झटके सुरू झाले की तासाभरात गाय जाऊ शकते, त्यामुळे पशुवैद्याला फोन लगेच. शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम भराभर दिलं तर हृदय थांबू शकतं, ते अनुभवी हातांचं काम आहे. आपलं काम आधीचं: मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेलं खनिज मिश्रण हिरवळ फुटायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून ठेवणं आणि गाई ते खरंच खातात का हे बघणं. मॅग्नेशियम ऑक्साइड कडू असतं. नुसतं ठेवलं तर गुरं तोंड लावत नाहीत, मीठ किंवा मळी मिसळावी लागते. दुसरं मीठ जवळ असेल तर मिश्रणाकडे कोणी फिरकत नाही, म्हणून बाकीच्या मिठाच्या विटा उचलून ठेवाव्यात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण चुकला की भारी पडतो. पारा तिशीच्या पुढे गेला की वासराला पाजणारी मोठी गाय दिवसाला 60 ते 75 लिटर पाणी पिते. 60 गाई धरल्या तर वासरांसह साडेचार हजार लिटर. हे पाणी दिवसभर थोडं थोडं येऊन चालत नाही. हौद लांब असेल तर गुरं एकटी-दुकटी न येता सगळा कळप एकदम येतो. दांडग्या गाई आधी पितात, पाणी खाली जातं, आणि कळप परत निघाला की मागे राहिलेली वासरं आणि कालवडी तहानलेल्याच त्याच्यामागे जातात. म्हणून दिवसभराचं पाणी चार तासांत भरून निघेल इतका प्रवाह हवा. वरच्या हिशेबात मिनिटाला 19 लिटरच्या आसपास. पाणी अडीचशे मीटरच्या आत असेल तर गुरं आपापल्या सोयीने येतात आणि लहान हौदावरही भागतं.

बॉल कॉक रोज हाताने दाबून बघावा. भोकात वाळूचा कण अडकला तर तो बंद होत नाही आणि हौदाभोवती चिखल होतो. त्या चिखलातून खुरांचे रोग सुरू होतात. वासरं डोक्याने ढकलून त्याचा दांडा वाकवतात, म्हणून वर जाळीचं झाकण हवंच. तळ्यावर गुरं पाणी पीत असतील तर उष्ण, वारा नसलेल्या दिवसांत पाण्यावर हिरवा-निळा, रंग सांडल्यासारखा थर येतो का बघा. काठीवर लांब तंतू येत असतील तर ते साधं शेवाळ. पण तवंगासारखं पसरत असेल तर ते विषारी असू शकतं, आणि ते विष काही तासांत जनावर मारतं. शंका आली की आधी गुरं तिथून हलवा, तपासणी नंतर.

आता गवत. यावर थोडा जास्त वेळ देतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

कुरणाचे तुकडे पाडून कळप फिरवायचा, एवढं सगळे सांगतात. का फिरवायचा, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांच्या 1955 च्या प्रयोगांनी आकड्यांत दाखवलं. गवताचा वरचा निम्म्यापर्यंतचा भाग काढला तर मुळांची वाढ जवळपास चालूच राहते. 60 टक्के काढला की निम्मी मुळं वाढायची थांबतात, 80 टक्के काढला की सगळी. म्हणजे निम्म्याच्या पुढचे दोन घास गवताला सगळ्यात महाग पडतात. मुळं थांबलेलं गवत पुढच्या कोरड्या आठवड्यांत खोलातलं पाणी ओढू शकत नाही. लोक म्हणतात पाऊस कमी झाला. बऱ्याचदा पाऊस तेवढाच असतो, मुळं आखूड झालेली असतात.

तुकडा केवढा हवा याचा अंदाज असा. गवत 22 सेंटीमीटर असताना कळप आत, 10 वर आल्यावर बाहेर. मधले 12 सेंटीमीटर. दाट गवतात हेक्टरी दर सेंटीमीटरला साधारण 110 किलो कोरडा चारा धरला तर 1,300 किलो होतात. तुडवलं जाणारं आणि शेणाने खराब होणारं वजा करता हातात हजारेक किलो. गाय-वासराची जोडी दिवसाला 15 किलो कोरडा चारा खाते. 60 जोड्यांना 900 किलो, म्हणजे दिवसाला एक हेक्टरच्या आत-बाहेर. विरळ कुरणात हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, त्यामुळे माझा आकडा उचलू नका. पट्टी घेऊन आपल्या कुरणात दहा-बारा ठिकाणी मोजा.

एका तुकड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त कळप ठेवू नये. भरातलं गवत चरल्यावर तीन-चार दिवसांत पुन्हा कोवळं फुटतं आणि गाय नेमका तोच फुटवा शोधून खाते. त्या फुटव्यामागे गवताने साठवलेली सगळी शिदोरी असते. विश्रांती सुरुवातीला 20 ते 25 दिवसांची पुरते. उन्हाळा पुढे सरकून वाढ मंदावली की ती 40 ते 60 दिवसांवर न्यावी लागते. इथे बहुतेकांची चूक उलट दिशेने होते. वाढ मंदावली, चारा कमी दिसू लागला, की घाबरून कळप भराभर फिरवला जातो, आणि प्रत्येक तुकड्याची विश्रांती आणखी कमी होते. गवत जोरात वाढतंय तेव्हा जलद फिरायचं, मंद वाढतंय तेव्हा सावकाश. सुरुवातीला गवत कळपाच्या पुढे पळू लागलं तर दोन-तीन तुकडे फेरीतून बाहेर काढून कापणीला राखावेत. सगळं चारून संपवायचा अट्टहास करू नये.

लसूणघास किंवा क्लोव्हर अशी डाळवर्गी वैरण जास्त असलेल्या तुकड्यात उपाशी कळप कधीही सोडू नका. पोटात फेस होतो, वायू त्या फेसात अडकतो आणि ढेकर बाहेर पडत नाही. आधी सुकं गवत पोटभर द्यायचं, दव उडाल्यावर दुपारच्या सुमारास सोडायचं आणि पहिले दोन तास तिथून हलायचं नाही. कुरणात गवत मिसळलेलं असेल आणि डाळवर्गी झाडं निम्म्याच्या आत असतील तर धोका बराच कमी. लसूणघास पूर्ण फुलावर आली की तिचाही धोका उतरतो, कोवळी असतानाच ती घातक.

हे तुकडे पाडायचे झटक्याच्या तारेने, आणि नेमकी याच दिवसांत ती दगा देते. गवत वाढून खालच्या तारेला टेकतं, प्रत्येक पात्यातून थोडा थोडा करंट जमिनीत उतरतो. कळपाला वेसण घालायला तारेत किमान 2,000 व्होल्ट हवेत, मी तर 4,000 च्या खाली समाधान मानणार नाही. मोजायचं पहाटे, दव असताना, कारण गळती तेव्हा सगळ्यात जास्त. दुपारी पुन्हा मोजायचं, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग तेव्हा सगळ्यात कमजोर.

दोष मशीनमध्ये क्वचित असतो, बहुतेक वेळा तो अर्थिंगमध्ये निघतो. गुराने तार शिवल्यावर करंट त्याच्या अंगातून, जमिनीतून, सळईवाटे झटका मशीनकडे परत गेला तरच झटका बसतो. तपासणी अशी: मशीन बंद करा, शंभर मीटर लांब दोन-तीन लोखंडी गज तारेला टेकवून जमिनीत रोवा, मशीन चालू करा. तारेतले व्होल्ट 2,000 च्या खाली आले की शेवटच्या अर्थिंगच्या सळईवर मीटर लावा, मीटरचं दुसरं टोक मीटरभर लांब जमिनीत. 300 च्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगलं. जास्त आला तर अर्थिंग कमी पडतंय, सळया वाढवा. साधारण पावणेदोन-दोन मीटरच्या तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, ही सुरुवात. ओलसर, सावलीतली जागा निवडा. जस्त चढवलेल्या सळईला तांब्याची वायर बांधू नका, दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना खातात आणि जोड वर्षात ढिला पडतो. काटेरी तारेत कधीही झटका सोडायचा नाही. त्यात अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही.

वासरं दोन-तीन महिन्यांची झाली की एक दिवस खोड्यावर जातो: एकेक वासरू बोळातून आणून खोड्यात अडकवायचं, लस टोचायची, खच्चीकरण करायचं. हा दिवस ढगाळ आणि थंड निवडावा, आणि माश्या वाढायच्या आत. ओरडणं, काठ्या आपटणं याने काम लांबतं. गुराच्या खांद्यावर एक अदृश्य रेघ असते: तुम्ही रेघेच्या मागे उभे राहिलात तर ते पुढे जातं, पुढे उभे राहिलात तर मागे सरतं. अरुंद बोळात अडलेल्या गाईला पुढे न्यायचं तर तिच्या तोंडाकडून शेपटीकडे, तिच्या बाजूने चालत जायचं. खांदा ओलांडला की ती निघते. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या या स्वभावावर आयुष्यभर काम केलं, आणि बोळात लटकणारी साखळी, टोपी, उन्हाचा कवडसा यांनी गुरं कशी अडतात हेही दाखवून दिलं. सुरू करण्याआधी एकदा स्वतः वासराच्या उंचीवर वाकून बोळातून चालून बघा.

लशीची डबी 2 ते 8 अंशांत, उन्हापासून दूर. जिवंत विषाणूची लस कालवली की तासाभरात संपवायची, म्हणून एका वेळी तेवढीच कालवायची. तिच्या सिरिंजला जंतुनाशक लावायचं नाही, उकळलेल्या पाण्याने धुवायची. जंतुनाशकाचा अंश लसही मारतो. फऱ्या रोगाची लस मानेवर, कातडीखाली. मांसात टोचून मागच्या मांडीचं मांस खराब करायचं काही कारण नाही. सुई दहा-पंधरा जनावरांनंतर बदला, वाकली तर त्याच क्षणी. रबराचं कडं लावून खच्चीकरण करत असाल तर कडं सोडण्यापूर्वी दोन्ही अंडं खाली आहेत हे बोटांनी चाचपा. एक वर निसटलं की ते जनावर पुढे ना गोऱ्हा ना बैल. शिवाय कड्याच्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, आणि सात रोगांच्या संयुक्त लशीत धनुर्वाताची लस असतेच असं नाही, लेबल वाचा. वेदनाशामक पशुवैद्याला विचारून द्यावंच. वासरू त्याच दिवशी आईला पितं, एवढा फरक पडतो.

काम झालं की गेट उघडून कळप लांबच्या कुरणात हाकलू नये. प्रत्येक वासरू आईला सापडून पिईपर्यंत जवळच्याच तुकड्यात ठेवावं. चुकलेलं वासरू आईला शेवटचं जिथे प्यायलं तिथे परत जातं, गायही तिथेच येते. मध्ये चार कुंपणं असली तर दोघं तारा तोडतात.

वळू सोडायची तारीख म्हणजे पुढच्या वर्षीच्या विण्याची तारीख. गाय सरासरी 283 दिवस गाभण असते, 1 जूनला वळू सोडला तर पहिली वासरं 11 मार्चच्या आसपास. माज 21 दिवसांनी येतो, म्हणून 63 दिवसांत प्रत्येक गाईला तीन संधी मिळतात. त्याहून जास्त दिवस वळू ठेवला की विणं लांबत जातं. जाणत्या वळूमागे 25 ते 30 गाई, वर्षाच्या पोरसवदा वळूमागे त्याच्या वयाच्या महिन्यांइतक्या. सोडण्यापूर्वी वीर्यतपासणी दरवर्षी हवी, गेल्या वर्षी पास झाला म्हणून चालत नाही. वीर्य तयार व्हायला दोन महिने लागतात, हिवाळ्याच्या शेवटी आलेला ताप किंवा गोठलेली वृषणं आत्ता नडतात. पहिल्या तीन आठवड्यांत कोणत्या गाई माजावर आल्या त्यांचे बिल्ल्यांचे नंबर वहीत लिहा. पुढच्या तीन आठवड्यांत त्यातल्या बऱ्याच पुन्हा उलटल्या तर लगेच दुसरा वळू आणा. हंगाम संपल्यावर कळून उपयोग नाही. आणि वळू कितीही गरीब असला तरी त्याच्याकडे पाठ करू नये.

माश्यांबद्दल थोडक्यात. पाठीवर आणि पोटाखाली डोकं खाली करून बसणारी बारीक माशी दिवसभर रक्त पिते, अंडी फक्त ताज्या शेणात घालते. एका जनावरावर 200 च्या वर दिसल्या की उपाय करायचा, आधी नाही. कानात मारायचे औषधी बिल्ले लवकर मारले तर भर हंगामात औषध संपतं, आणि शरद ऋतूत काढले नाहीत तर उरलेल्या कमजोर औषधावर माश्या निर्ढावतात. औषधाचा गट दरवर्षी बदला. डोळ्यांतलं पाणी पिणाऱ्या माश्या डोळे येण्याची साथ पसरवतात; गाल ओला, डोळा मिटलेला दिसला की त्याच दिवशी उपचार, नाहीतर बुबुळावर पांढरा डाग राहतो. कुरणातली वाळलेली कणसं डोळ्याला ओरखडतात, ती यंत्राने वरच्यावर छाटली तरी साथ कमी होते.

शेवटी कापणी. कणीस बाहेर पडू लागलं की गवत कापावं. अजून दोन आठवडे थांबलं तर गठ्ठे वाढतात पण काडीच वाढलेली असते, गाईच्या पोटाला त्यातून कमी मिळतं. हवामान तीन-चार दिवस कोरडं हवं. ओल्या गवतात 80 टक्के पाणी असतं. 18 टक्के ओलाव्याचं एक टन सुकं गवत मिळवायला 3 टनांहून जास्त पाणी उडावं लागतं. ते पटकन उडवायचं तर कापलेलं गवत अरुंद ढिगात न टाकता कापणीच्या रुंदीच्या 70 टक्के तरी पसरायचं. पानांची रंध्रं उन्हात उघडी असतात तोवरच सुरुवातीचं पाणी झरझर जातं, ढिगाच्या आत अंधारात ती मिटतात. बुडखा 8 ते 10 सेंटीमीटर ठेवा: खाली हवा खेळते, आणि फुटवाही लवकर येतो. लसूणघास असेल तर ओळी 40 टक्के ओलाव्यावर, सकाळी दव असताना ओढाव्यात. दुपारी ओढल्या तर पानं झडून नुसत्या काड्या बेलरमध्ये, म्हणजे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात जातात.

लहान गठ्ठ्यांना 18 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, मोठे गोल गठ्ठे 16 च्या आत. काडी वाकवल्यावर मोडली म्हणजे झालं, असं समजू नका. पेरं आतून ओलं असतं. पेराची साल नखाने सोलून बघा, निघाली तर अजून एक ऊन द्या. ओलं बांधलेलं गवत आधी श्वसनाने, मग बुरशीने, मग रासायनिक क्रियेने तापत जातं, आणि रचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत पेटू शकतं. टोकाला छिद्रं पाडलेला तीन मीटरचा पाइप गंजीत खुपसून, दोरीने थर्मामीटर सोडून पंधरा मिनिटं ठेवा. 55 अंशांना दिवसातून दोनदा बघायला सुरुवात करा, 65 ला धोका सुरू झाला. 80 दिसलं तर गठ्ठे हलवू नका, आधी अग्निशमन दलाला बोलवा. आतल्या तप्त भागाला हवा मिळाली की ज्वाळा निघते. तापलेल्या गंजीवर चढायचंच असेल तर फळ्या टाकून, कमरेला दोर बांधून आणि दोराचं टोक खाली उभ्या माणसाच्या हातात देऊन. आतून जळून पोकळी झालेली असते आणि वरून ती दिसत नाही.